वकील कामांत हयगय करील तर पक्षकारानें काय करावें?

शेतकऱ्याच्या घरांत कोर्टाचें काम शिरलें म्हणजे त्या घराचा पैसा दोन वाटांनीं जाऊं लागतो. एक जमिनींत, व दुसरी जमिनीसाठीं. बियाणें, खत व मजुरी यांतून जें कांहीं वांचतें तें वकिलाच्या फीकडे जातें; तें न पुरल्यास सोसायटीचें कर्ज काढावें लागतें किंवा गोठ्यांतील एखादें जनावर बाजार दाखवितें. एवढ्या कष्टानें दिलेल्या फीच्या मोबदल्यांत वकिलानें दावा मुदतींत लावावा, तारखेस उभें राहावें व खरी हकीकत सांगावी, इतकीच पक्षकाराची अपेक्षा असते. ती पुरी न झाली म्हणजे कोणी संतापतो, कोणी वकिलाच्या दारांत जाऊन भांडतो, आणि कोणी दैवास दोष देऊन घरीं बसतो. या तिन्ही उपायांनीं गेलेली जमीन परत आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आमची नोकरी महसुली दप्तरांत गेली. अपिलांच्या नोंदी, नकलांचे अर्ज व फेरफारांचीं प्रकरणें हेंच आमचें नित्याचें काम होतें. त्या अनुभवावरून, व कायद्याचीं पुस्तकें चाळून जें समजलें त्यावरून, आमच्या वाचकांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ती ही कीं, दावा व वकील हीं दोन प्रकरणें निराळीं आहेत. त्यांत दाव्याचें प्रकरण आधीं व वकिलाचें मागून हातीं घ्यावें.

असें कां, तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. एका बागाइतदाराच्या चुलतभावाच्या नांवें एक फेरफार मंजूर झाला व त्यांत सामाईक विहिरींतील बागाइतदाराचा अर्धा हिस्सा उडाला. त्यानें प्रांतांकडे अपील केलें व वकिलास सगळी फी आगाऊ दिली. वकील लागोपाठ तीन तारखांस गैरहजर राहिले आणि अपील गैरहजेरीस्तव निकालीं निघालें. बागाइतदारास हें दोन महिन्यांनीं, कर्जासाठीं सात-बाराचा उतारा काढला तेव्हां कळलें. पुढचे अकरा महिने त्यानें वकिलाच्या घरीं खेटे घातले, पंच घातले, भाऊबंद नेले. अखेरीस वकिलानें निम्म्याहून अधिक फी परत केली. मग तो गृहस्थ आमच्या कचेरींत येऊन विचारूं लागला, “भाऊसाहेब, आतां अपील पुन्हां चालू कसें करावयाचें?” दप्तर काढून पाहिलें तों मुदत केव्हांच टळलेली. उशीर माफ होण्यास जें सबळ कारण लागतें तें पहिल्या महिन्यांत त्याच्यापाशीं होतें. अकरा महिन्यांनंतर ‘मी वकिलाकडे फी मागत होतों’ एवढेंच सांगण्यासारखें उरलें. फी पदरांत पडली, आणि विहिरीच्या हिश्शासाठीं दिवाणी दाव्याची लांबची वाट तेवढी राहिली.

हयगय कशास म्हणावें?

दावा हरला म्हणजे वकिलानें फसविलें, असें समजूं नये. दोन पक्षांपैकीं एक हरावयाचाच. वकिलाचें कायद्याविषयींचें मत चुकणें व त्यानें कामांत लबाडी करणें यांत कायदा भेद करतो. महाराष्ट्रांतून गेलेल्या एका प्रकरणांत १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, चुकीचा सल्ला निराळा व गैर सल्ला निराळा. आणि नैतिक दोषाची जोड नसलेली नुसती निष्काळजी ही व्यावसायिक गैरवर्तणूक होत नाहीं. तक्रार करण्यापूर्वीं हा भेद मनांत पक्का असावा. नाहीं तर खरी तक्रारही हलकी होते.

तक्रारीजोगे प्रकार सामान्यतः असे असतात: (१) फी व कोर्ट फी घेऊन दावा अगर अपील न लावणें व ‘लावलें आहे’ असें सांगणें, (२) वारंवार गैरहजर राहून काम काढून टाकलें जाईल असें करणें, (३) निकाल लागला तरी पक्षकारास न कळविणें, (४) पक्षकाराच्या संमतीवांचून तडजोड करणें, (५) कोर्टांतून मिळालेली पक्षकाराची रक्कम आपल्यापाशीं ठेवणें, (६) मागितल्यावर कागदपत्रें अगर हिशेब न देणें.

पहिलें काम: आपल्या डोळ्यांनीं दप्तर पाहणें

वकील काय म्हणतात, कारकून काय म्हणतो, विरुद्ध बाजूचा मनुष्य चावडीवर काय बोलतो, यांवर विसंबूं नये. कोर्टाचा रोजनामा हा खरा साक्षीदार. कोणत्या तारखेस कोण हजर होतें, काय हुकूम झाला व पुढची तारीख कोणती, हें सारें त्यांत असतें. दाव्याचा नंबर व साल घेऊन कोर्टाच्या कचेरींत जावें, आणि रोजनाम्याच्या व शेवटच्या हुकुमाच्या प्रमाणित नकलेसाठीं त्याच दिवशीं अर्ज करावा. नकलेस लागणारा काळ अपिलाच्या मुदतींतून वजा मिळतो. परंतु तो नकलेचा अर्ज दिल्यापासूनचा. अर्ज देण्यास आपण लावलेला उशीर वजा होत नाहीं.

आतां दिवाणी व फौजदारी कोर्टांतील प्रत्येक प्रकरणास सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हातीं असला म्हणजे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर अगर मोबाइलवरील ॲपवर पुढची तारीख व प्रकरणाची स्थिति विनामूल्य पाहतां येते. घरांतील शिकलेल्या मुलास अगर मुलीस हें काम नेमून द्यावें. दर महिन्यास एकदां पाहिलें तरी पुरे. वकील नेमला त्याच दिवशीं हा क्रमांक मागून घेऊन सात-बाराच्या उताऱ्यावरच लिहून ठेवावा.

दुसरें काम: मुदत

आमच्या वाचकांनीं पुढील आंकडे पाठ करून ठेवावे.

वादीच्या गैरहजेरीमुळें दिवाणी दावा अगर अपील निघालें असल्यास तें पुन्हां नंबरावर घेण्यासाठीं अर्जाची मुदत ३० दिवस आहे. आपणाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असल्यास तो रद्द करून घेण्याचीही मुदत ३० दिवसच. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावलें गेलें नसल्यास हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयांत अपील करण्यास ३० दिवस व उच्च न्यायालयांत करण्यास ९० दिवस मिळतात. महसुली कामांत, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २५० प्रमाणें, कलेक्टरांच्या खालच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावरील अपिलास ६० दिवस व इतर हुकुमांवरील अपिलास ९० दिवस मिळतात.

मुदत गेली असली तरी हात जोडून बसूं नये. विलंब माफ करण्याचा अर्ज, त्याचें कारण व प्रतिज्ञापत्र जोडून द्यावा. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें अलाहाबाद उच्च न्यायालयांतील एक अपील आलें होतें. वकील गैरहजर राहिल्यामुळें तें काढून टाकण्यांत आलें होतें. न्यायालयानें म्हटलें कीं, ज्या पक्षकारानें वकील नेमला, फी दिली व आपल्याकडून व्हावयाचें तें सर्व केलें, त्यास वकिलाच्या चुकीची शिक्षा होऊं नये. आणि तें अपील पुन्हां चालविण्यास पाठविलें. परंतु या निकालावर डोळे मिटून विसंबणेंही बरें नव्हे. १९९३ सालीं त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, ‘वकिलाची चूक’ एवढें म्हटल्यानें प्रत्येक वेळीं सुटका होत नाहीं. पक्षकार स्वतः किती जागा होता हें पाहिलें जातें. म्हणून आपण जागे होतों याचा लेखी पुरावा हवा. वकिलास पाठविलेलें पत्र, फीची पावती, त्यांच्याकडे गेल्याच्या तारखा, हीं सर्व त्या दिवशीं उपयोगीं पडतात.

तिसरें काम: लेखी मागणी व वकील बदलणें

तोंडी बोलणें हवेंत जातें. वकिलास रजिस्टर डाकेनें एक साधें, सभ्य पत्र पाठवावें व त्याची नक्कल आणि पोंच जपून ठेवावी. नमुना असा:

“रा. रा. ... वकील यांस, सा. न. वि. वि. आमच्या दावा नंबर ... मध्यें आपण आमचे वकील आहां. आपणांस फीपैकीं रु. ... व कोर्ट खर्चाचे रु. ... दिले आहेत. तारीख ... रोजीं आपण हजर नव्हतां असें रोजनाम्यावरून दिसतें. तरी हें पत्र पावल्यापासून सात दिवसांत कामाची स्थिति लेखी कळवावी, रकमेचा हिशेब द्यावा, व काम पुढें चालविणें शक्य नसल्यास आमचीं सर्व कागदपत्रें व न केलेल्या कामाची फी परत करावी. कळावें, ही विनंति.”

पत्रांत शिवीगाळ, धमकी अगर तर्क लिहूं नयेत. हेंच पत्र पुढें न्यायाधीशापुढें जावयाचें आहे, हें ध्यानांत ठेवूनच लिहावें. मात्र ३० दिवसांची मुदत धांवत असेल तर या सात दिवसांसाठीं थांबूं नये. दुसरा वकील त्याच दिवशीं पाहावा.

वकील बदलण्याचा पक्षकारास हक्क आहे. वकालतनामा लेखी असतो व तो कोर्टाच्या परवानगीनें लेखी कागदानेंच संपतो. नवा वकील देतांना जुन्या वकिलाची ‘हरकत नाहीं’ अशी सही घेण्याचा रिवाज आहे. जुने वकील सही देत नसतील तर त्यांस पाठविलेल्या पत्राची नक्कल जोडून कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करावा. सही मिळत नाहीं म्हणून काम सोडून देणें हा शुद्ध भ्रम आहे.

दुसरी अडचण कागदांची. ‘राहिलेली फी द्या, मग कागद देतों’ असें कांहीं वकील म्हणतात. यावर २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला आहे कीं, फी राहिली म्हणून पक्षकाराचीं कागदपत्रें अडवून ठेवण्याचा वकिलास हक्क नाहीं. फी येणें असल्यास त्यांनीं ती कायद्यानें वसूल करावी. तसेंच बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणें, एकदां घेतलेलें काम वकिलानें सबळ कारण व योग्य पूर्वसूचना असल्याखेरीज सोडूं नये. आणि सोडल्यास न कमावलेली फी परत करावी. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणें व मागितल्यास त्याची नक्कल देणें हेंही त्यांचें कर्तव्य आहे.

चौथें काम: दाद कोठें मागावी?

दावा सुरक्षित झाला म्हणजे वकिलाविषयींचें प्रकरण हातीं घ्यावें. येथें प्रथम एक बंद झालेलें दार सांगणें अवश्य आहे. ग्राहक मंचाकडे जा, असा सल्ला अद्याप पुष्कळ लोक देतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००७ सालीं तसा निकाल दिला होता हें खरें. परंतु १४ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला, आणि वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येत नाहीं असें ठरविलें. तेव्हां त्या दारीं वेळ व पैसा घालवूं नये. उघडीं दारें तीन आहेत.

पहिलें दार वकील परिषदेचें, म्हणजे बार कौन्सिलचें. आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा यांची एक परिषद असून तिची कचेरी मुंबईस आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खालीं गैरवर्तणुकीची तक्रार तेथें करतां येते. तक्रार लेखी, सहीची व सत्यापन केलेली असावी. फी किती व प्रती किती लागतात तें परिषदेकडून आधीं विचारून घ्यावें. तक्रारींत दम आहे असें परिषदेस वाटल्यास ती तीन सभासदांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार काढून टाकूं शकते, ताकीद देऊं शकते, ठराविक काळ सनद तहकूब करूं शकते किंवा वकिलाचें नांव पटावरून कायमचें काढूं शकते. एका वर्षांत निकाल न लागल्यास प्रकरण कायद्यानेंच दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातें. राज्य परिषदेच्या समितीच्या निकालावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, व तेथून पुढें ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील आहे. मात्र ही शिस्तीची जागा आहे, वसुलीची नव्हे. आपली रक्कम येथें मिळेल या भरंवशावर राहूं नये.

दुसरें दार दिवाणी कोर्टाचें. फी परत मिळण्यासाठीं अगर झालेल्या नुकसानीसाठीं वकिलावर दावा लावतां येतो. वकील आहे एवढ्याच कारणानें कोणी निष्काळजीच्या जबाबदारींतून सुटत नाहीं, हें तत्त्व १९२६ सालच्या वकिलांच्या फीविषयींच्या कायद्यांत सांगितलेलें आहे. अशा दाव्यास सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. परंतु येथें दोन गोष्टी शाबीत कराव्या लागतात: वकिलानें हयगय केली ही एक, व ती न होती तर आपलें काम साधलें असतें ही दुसरी. दुसरी अवघड असते. म्हणून रक्कम लहान असल्यास सभ्य पत्रव्यवहारानें जेवढी फी परत मिळेल तेवढी घेऊन मोकळें होणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें.

तिसरें दार पोलिसांचें. पैसे खाल्ले, खोटी सही केली, खोटा हुकूम दाखविला, असें असेल तरच तिकडे जावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत विश्वासघाताचा गुन्हा कलम ३१६ खालीं व फसवणुकीचा कलम ३१८ खालीं येतो. नुसत्या गैरहजेरीसाठीं फौजदारी करूं पाहणें व्यर्थ आहे.

एका शेतकऱ्याचे ८११८ रुपये

तक्रार करून काय होणार, असें म्हणणारांसाठीं उत्तर प्रदेशांतील लखीमपूर खेरीकडील एक प्रकरण येथें देतों. तेथील एका वृद्ध, निरक्षर शेतकऱ्याची जमीन सरकारनें संपादन केली व नुकसानभरपाईचे ८११८ रुपये कोर्टांत जमा झाले. १९८७ सालीं त्याच्या वकिलानें अर्ज करून ते उचलले व त्यास दिले नाहींत. १९८८ सालीं शेतकऱ्यानें वकील परिषदेकडे तक्रार केली. वकिलानें ‘फी वजा करून पैसे दिले’ असें सांगितलें. पुढें शेतकऱ्याच्या नांवाचें, आपसांत मिटलें अशा आशयाचें प्रतिज्ञापत्रही हजर केलें. शेतकऱ्यानें तें आपलें नव्हे असें कळविलें. समितीनें वकिलाची सनद ३ वर्षें तहकूब केली. वकील अपिलांत सर्वोच्च न्यायालयांत गेले; तेथें न्यायालयानें ही शिक्षा अपुरी ठरवून २००२ सालीं त्यांचें नांव पटावरून कायमचें काढण्याचा हुकूम केला.

या प्रकरणापासून दोन बोध घ्यावयाचे. ज्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें त्या मनुष्यानें तक्रार केली, ती सोडली नाहीं, व तिचा निकाल लागला. मग आमच्या साक्षर वाचकांनीं भिण्याचें कारण नाहीं. पण त्या निकालास तक्रारीपासून साडेतेरा वर्षें लागलीं, हा दुसरा बोध. एवढा काळ जमिनीचें काम थांबवून कोणासही चालणार नाहीं. म्हणूनच आम्ही दावा आधीं व वकील मागून असें म्हणतों.

आधीं घ्यावयाची काळजी

फी ठरवितांना काय काम व किती फी हें कागदावर लिहून घ्यावें, आणि पैसे शक्य तों बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर अगर कोऱ्या वकालतनाम्यावर सही करूं नये. वकालतनाम्यांत तडजोड करण्याचा व रक्कम उचलण्याचा अधिकार छापलेला असतो. तो द्यावयाचा नसेल तर तें कलम सही करण्यापूर्वींच खोडून घ्यावें. संपादनाची भरपाई थेट आपल्या बँक खात्यांत जमा व्हावी असा अर्ज कोर्टांत द्यावा. ‘आतां कांहीं देऊं नका, मिळेल त्यांत चौथाई माझी’ असा करार गोड वाटतो. परंतु दाव्याच्या फळांत वकिलानें वांटा ठरविणें नियमांनीं मना आहे, व १९५४ सालींच सर्वोच्च न्यायालयानें अशा करारास गैरवर्तणूक ठरविलें आहे. मूळ कागद वकिलाकडे न ठेवतां नकला द्याव्या. मूळ कागद कोर्टांत हजर करावयाचे असतील तर यादी करून सही घ्यावी.

नवा वकील देण्यास पैसा उरला नसल्यास तालुका विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक, अपंग व ठराविक उत्पन्नाच्या आंतील मनुष्य यांस तेथें विनामूल्य वकील मिळतो. स्त्रियांस उत्पन्नाची अट नाहीं. ज्या घरीं जमीन आईच्या अगर पत्नीच्या नांवें आहे त्यांनीं हें विसरूं नये. १५१०० या दूरध्वनि क्रमांकावरही ही माहिती मिळते.

शेवटीं न्यायाची एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. तालुक्याच्या गांवीं इमानें काम करणारे, गरिबाची अर्धी फी सोडून देणारे वकील आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पक्षकारही सगळेच निर्दोष नसतात. साक्षीदार आणतों म्हणून आणावयाचे नाहींत, कागद मागितला कीं ‘पुढच्या तारखेस’ म्हणावयाचें, पेरणीच्या दिवसांत कोर्टाकडे फिरकावयाचें नाहीं, आणि निकाल उलटला म्हणजे वकिलावर खापर फोडावयाचें, असेंही चालतें. वकिलास जाब विचारण्याचा हक्क ज्यास गाजवावयाचा आहे त्यानें आपल्या बाजूचें काम आधीं चोख करावें. पिकाची राखण वाटेकऱ्यावर सोंपविली तरी मालक आठवड्यास एक फेरी शेतांत मारतोच. दाव्याकडेही तशीच एक फेरी महिन्यास मारावी, आणि ज्या दिवशीं कांहीं वावगें दिसेल त्याच दिवशीं नकलेचा अर्ज द्यावा.